मोडली मूठ कितीची?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्याने झाली, नाट्यसंगीतावर झाली, शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवरही झाली. त्या मालिकेत आज आम्ही मोटारीच्या डिकीच्या मुठीवर बोलणार आहोत, हे ऐकून कार्यवाहांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते आम्ही पाहिले आहेत. तथापि झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे आपण सारेच जाणतो. मोडली मूठ कितीची असते, याचा हिशेब आमच्यापाशी आहे आणि तो आपणांपुढे ठेवावा असे वाटले.

आमची मोटार लहान, मागचे दार वर उचलण्याच्या जातीची आणि चौदा वर्षांची. तिच्या डिकीत आमच्या मातोश्रींची घडीची चाकांची खुर्ची असते. आईचे वय ब्याऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचे बाहेरचे सारे जग त्या खुर्चीवर अवलंबून आहे. नोव्हेंबरातील एका संध्याकाळी तिला डॉक्टरांना दाखवून आम्ही परतलो. ईशान्य मोसमी पाऊस कोसळत होता. आम्ही डिकीची मूठ ओढली, आतून ‘कट्’ असा आवाज झाला आणि मूठ मेलेल्या माशासारखी हातात लोंबू लागली. खुर्ची आत, आई मागच्या आसनावर, आणि आम्ही पावसात. मागचे आसन पाडून खुर्ची काढावी, तर त्या आसनावरच आई बसलेली. चाळीस मिनिटे ती तशीच बसून होती. शेवटी शेजारच्या कन्नडिग तरुणाने आणि आम्ही तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून उचलून आत नेले. रस्त्यावरचे लोक पाहत होते. आई काही बोलली नाही. पदर मात्र तिने तोंडावर ओढून घेतला होता. तो पदर आम्ही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चौकशी केली. नुसती मूठ मिळत नाही, नंबरपाटीवरची पट्टीच सबंध बदलावी लागेल, तिला रंग द्यावा लागेल. एकूण ४,६०० रुपये. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांतही तेच उत्तर मिळाले. मग शिवाजीनगरच्या जुन्या भागांच्या बाजारात गेलो. येथे अशा मालाला ‘गुजरी’ म्हणतात. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. आमच्याकडे गुजरी म्हणजे सोनारांची पेठ. त्या गुजरीत आमच्या मोटारीची एक जुनी मूठ मिळालीही. पण ती नेमकी त्याच जागी तडकलेली होती. म्हणजे नवी आणली तरी ती तेथेच मोडणार, एवढे ज्ञान फुकट मिळाले.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “दाराची कडी मोडली म्हणून कुणी दार बदलतं का रे? आधी उघडून तर बघ.”

आम्ही उघडून पाहिले. मागचे आसन पाडून आत शिरलो, दाराच्या आतले आवरण चेपखुंट्या उचकटून काढले. तेथे सारी यंत्रणा उघड दिसते. मूठ एका तरफेला ढकलते, तरफ एक सळई ओढते आणि सळई खालच्या कुलपाचा आकडा सोडवते. पेचकसाने तो आकडा दाबताच दार उघडले. मुठीला आतून दोन कान असतात आणि त्यांतून एक पोलादी खीळ जाते. त्यांतला एक कान तुटून आवरणाच्या पोकळीत पडला होता. दहा नंबरच्या पान्याने दोन नट काढले आणि मूठ हातात आली. नंबरपाटीच्या दिव्याची तार जवळच असते; ती ताणू नये.

आता पहिला प्रश्न असा की हे प्लॅस्टिक कोणते? बहुधा भागाच्या पाठीवर अक्षरे कोरलेली असतात. आमच्यावर ‘एबीएस’ होते. अक्षरे नसतील तर तुटका तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, ते तरंगते; त्याला साधा चिकटपदार्थ धरत नाही, तेथे पत्र्याची पट्टी आणि स्क्रूच हवेत. एबीएस बुडते आणि त्याला एपॉक्सी चांगले धरते. आमचा तुकडा बुडाला.

दोन्ही तुटके पृष्ठभाग काचकागदाने खरखरीत केले आणि स्पिरिटने पुसले. नुसत्या चिकटवलेल्या सांध्यावर विसंबू नये. सायकलच्या आऱ्याचा व्यास सुमारे दोन मिलिमीटर असतो. तेवढीच भोके दोन्ही बाजूंस पाडून आऱ्याचा छोटा तुकडा सांध्यात आडवा बसविला, जशी काँक्रीटमध्ये सळई. दोन नळ्यांतले एपॉक्सी समभाग कालवून लावले. कानातून जाणाऱ्या मूळ खिळीला मात्र आधी व्हॅसलीन फासले. नाहीतर खीळच चिकटून बसते आणि मूठ हलेनाशी होते. मग चोवीस तास हात लावला नाही. उतावीळ माणसाची दुरुस्ती येथेच फसते.

त्या चोवीस तासांत आम्ही कुलूप पाहिले, आणि येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. मूठ वर्षभर जड लागत होती. तेव्हा आम्ही हाताशी होते म्हणून कुलपात खोबरेल तेल सोडले होते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. येथे थंडीच्या दिवसांत ते बाटलीतही गोठते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. कुलपात ते धुळीशी मिसळून घट्ट खळ झाले होते. कुलूप हलेना म्हणून आम्ही मूठ अधिक जोराने ओढत गेलो आणि सारा भार त्या कानावर आला. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते हे खरे. पण मूठ मोडली ती आमच्या हाताने. आईने पदर ओढून घेतला त्याचे कारण आमच्या खोबरेलच्या बाटलीत होते.

टर्पेंटाइन आणि जुना दात घासण्याचा ब्रश घेऊन कुलूप स्वच्छ केले, पुसले आणि पांढरे ग्रीस लावले. टर्पेंटाइन रंगावर सांडू देऊ नये. मग मूठ बसविली. दार लावण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी: दार उघडेच ठेवून पेचकसाने कुलपाचा आकडा बंद करावा आणि मूठ ओढून तो सुटतो का पाहावे. असे पाच-सहा वेळा केल्यावरच दार लावावे. शिवाय कुलपाच्या तरफेला आम्ही नायलॉनची एक सैल दोरी बांधून आत सोडली. पुन्हा कधी मूठ दगा देईल तर ती आतून ओढता येईल. बंद डिकीच्या नव्या मोटारींना आतून उघडण्याची सोय असलीच पाहिजे, असा नियम अमेरिकेने १ सप्टेंबर २००१ पासून लागू केला, तो मुले आत अडकून दगावल्यामुळे. आमची दोरी त्याच जातीची, फक्त स्वस्त.

खर्च असा: एपॉक्सी ७० रुपये, काचकागद १५, आरा १०, ग्रीस ६०, टर्पेंटाइन ४०. एकूण १९५ रुपये. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. मूठ घरी दुरुस्त करावी. कुलपाचा आकडाच झिजला असेल, किंवा ब्रेक आणि आसनपट्टे यांचा प्रश्न असेल, तर तेथे काटकसर करू नये.

बंधुभगिनींनो, आमची नोकरी केंद्र सरकारची. तीस वर्षांत खुर्च्या, पंखे, टंकलेखनयंत्रे, संगणक अशा किती वस्तूंच्या निर्लेखनाच्या कागदांवर ‘दुरुस्ती किफायतशीर नाही’ या शेऱ्याखाली आम्ही सही केली असेल, त्याची गणती नाही. ते शेरे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण सही करण्यापूर्वी त्यांतली एकही वस्तू आम्ही स्वतः उघडून पाहिली नव्हती, हे खरे आहे. आईचा प्रश्न तीस वर्षे उशिरा आमच्या कानी पडला.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. मूठ टिकून आहे. आज सायंकाळी तिनेच डिकी उघडली, खुर्ची बाहेर आली, आणि आई पहिल्या रांगेच्या कडेला बसून आमचे हे लांबलेले भाषण ऐकत आहे. तिच्या डोक्यावरचा पदर जागच्या जागी आहे. मोडल्या मुठीची खरी किंमत आम्ही तेवढीच धरतो.