बिस्किटाच्या पुढची माया

आम्ही वसईच्या होळीतल्या काही जणी आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. आमच्यात कुणी मासळी विकते, कुणी शाळेत शिकवते, कुणी घरच्या वाडीतली केळी आणि भाजी बाजारात आणते, दोघी-तिघी घर सांभाळून शिवणकाम करतात. कुणी देवळात जाते, कुणी चर्चला. एरवी आमची गाठ पडली असती ती फक्त बाजारात, भाव करताना. पण गल्लीतल्या कुत्र्यांनी आम्हाला एकत्र आणलं. म्हणून आज विषयही तोच घेतला आहे. कुत्र्यांवरची माया, आणि ती निभवायची कशी.

आमच्या होळीचा बाजार सकाळी लवकर जागा होतो, पण कुत्री त्याच्याही आधी जागी असतात. मासळीवाल्या मावशींची पाटी खाली उतरली की एक काळी कुत्री त्यांच्या पाठीमागे येऊन बसते. पाटीला तोंड लावत नाही. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आपला वाटा मिळणार हे तिला ठाऊक आहे. रात्री उशिराच्या लोकलने एखादी मुलगी कामावरून घरी येते. रिक्षा नाक्यावर सोडते आणि तिथून दारापर्यंत एक पिवळा कुत्रा तिच्या सोबतीला चालतो. तिच्या आईने आम्हाला सांगितलं, "तो दिसला की माझा जीव खाली पडतो." एका इमारतीतले आजोबा एकटे राहतात, मुलं परदेशात आहेत. सकाळचे पहिले शब्द ते ओट्याखालच्या कुत्र्याशी बोलतात, मग दूधवाल्याशी.

ही माया आजकालची नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली उतरायची नाही म्हणून. आमच्यातल्या ख्रिस्ती मैत्रिणी संत रॉकची आठवण सांगतात. प्लेगच्या आजारात माणसांनी दूर केलेल्या त्या संताला एक कुत्रा रोज पाव आणून देत असे, अशी कथा आहे. म्हणून त्याच्या मूर्तीशेजारी कुत्रा असतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. म्हणजे राजा असो, संत असो की मासळीवाली मावशी, हा जीव सगळ्यांना लागतो.

पण मैत्रिणींनो, नुसती माया वाटली की काम झालं असं नाही. येता-जाता बिस्किटाचा पुडा फोडणं सगळ्यात सोपं. त्यात खर्च थोडा, आणि शेपटी हलली की आपल्यालाही बरं वाटतं. पण त्या कुत्र्याला रेबीजची लस टोचली आहे का, तिला वर्षातून दोनदा पिल्लं होतात त्यांचं पुढे काय होतं, आणि शेजारच्या घरातलं लहान मूल तिला घाबरतं का, हे प्रश्न बिस्किटाच्या पुढचे आहेत. आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

आधी पिल्लांचं. कुत्री साधारण दोन महिने गाभण राहते आणि एका वेळी चार-पाच किंवा जास्तही पिल्लं देते. ती बघून सगळ्यांनाच आनंद होतो. मुलं नावं ठेवतात, कुणी खोका आणतं, कुणी जुनी चादर. मग पाऊस येतो. वसईचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये इथे पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या, मिठागरातली माणसं अडकली. कुत्री जिन्यांवर येऊन बसली होती, पण पिल्लांना कुठला जिना? पूर नसला तरी गाड्यांची चाकं आहेत, आजार आहेत, उपास आहे. पिल्लं मोजायची आणि आठवड्याने पुन्हा मोजायची. दर वेळी आकडा कमी होतो.

आमच्या काळीचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्याच एकीने विचारलं, "आपण बायकांनीच तिचं आईपण काढून घ्यायचं?" प्रश्न खोटा नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ बोलत बसलो. शेवटी मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "तिची तीन बाळंतपणं मी बघितली. दरवेळी ती पिल्लं शोधत फिरते आणि मी तिला कालवण-भात घालते. आता माझ्याच्याने बघवत नाही." मग कुणी काही बोललं नाही. काळीचं ऑपरेशन झालं, टाके बरे होईपर्यंत ती केंद्रातच राहिली, आणि मग तिला पुन्हा तिच्याच जागी आणून सोडलं. तिच्या कानाला आता खाच आहे. कुठल्याही कुत्र्याच्या कानाला अशी खाच दिसली की समजायचं, याचं ऑपरेशन झालेलं आहे.

जिथून उचललं तिथेच परत का सोडायचं, असं लोक विचारतात. त्याला कारण आहे. ओळखीची, लस टोचलेली, पिल्लं न होणारी कुत्री आपली गल्ली राखून असतात, नव्यांना सहज शिरू देत नाहीत. ती नेली आणि कचरा, उष्टं, मासळीची घाण तशीच पडून राहिली, तर चार दिवसांत दुसरी येतात. ती कोण, कुठली, त्यांना लस आहे की नाही, काहीच माहीत नसतं. कुत्री मारून टाकण्याचा उपाय मुंबईने फार पूर्वीच करून पाहिला आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईत मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी लोकांनी मोठा विरोध केला होता आणि शहरात दंगल उसळली होती. पुढेही कितीतरी वर्षं कुत्री मारली गेली, तरी मुंबईतली कुत्री संपली नाहीत. म्हणूनच आता नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग धरला आहे.

आता रेबीजचं. हा भाग नीट ऐका, घरातल्यांनाही सांगा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यावर लगेच उपचार घेतले तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला आणलं गेलं. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावलं होतं. त्याला घेऊन आली होती त्याची आई. तो मुलगा वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, आज जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात.

कुत्रा चावला, ओरबाडलं, किंवा जखमेला त्याची लाळ लागली, तर पहिली पंधरा मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. हळद नको, चुना नको, तिखट नको. मग थेट दवाखान्यात. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता मनातून काढून टाका, हल्ली सुया दंडात देतात. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरायचा. त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुढच्या सुया असतात. लस स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशी आणखी एक. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत वेगळं औषधही टोचावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. "बरं वाटतंय" म्हणून मधली तारीख सोडू नका. आणि मुलांना सांगून ठेवा, कुत्रा चावला तर आई रागावणार नाही. मार बसेल म्हणून मुलं ओरखडा लपवतात, आणि धोका तिथेच असतो.

एखाद्या भागातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली की तिथे रेबीजचा फैलाव थांबतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपण खाऊ घालतो त्या कुत्र्याला टोचलेली सुई ही शेजारणीच्या मुलासाठीही असते.

आता शेजारणीबद्दलच बोलू. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा मुलगा पहिलीत आहे. शाळेच्या व्हॅनची वेळ आणि आमची खाऊ घालायची वेळ एकच होती. चार-पाच कुत्री फाटकाशी गोळा व्हायची आणि पोरगा रडत जिन्यातून मागे फिरायचा. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "तुमची माया तुमच्यापाशी. माझा पोरगा शाळेत कसा जातो ते मला विचारा." त्यांचं चुकत नव्हतं. कुत्र्यांना हाकलून द्या, अशी सह्यांची मागणीही तेव्हा फिरायला लागली होती. कुत्री जाणार की राहणार, एवढ्यावर गोष्ट आली होती.

आम्ही त्यांच्याच घरी जाऊन बसलो. जागा बदलली. फाटकापासून दूर, बावखलाच्या बाजूला, जिथे मुलं खेळत नाहीत आणि म्हातारी माणसं फिरायला येत नाहीत. वेळ बदलली, सकाळी व्हॅन गेल्यानंतर आणि रात्री वर्दळ कमी झाल्यावर. खाणं संपलं की भांडी उचलायची, जागा धुवायची. एक वही केली. त्यात प्रत्येक कुत्र्याचा रंग, खूण, ऑपरेशन झालं का, लस कधी दिली, पुढची कधी, हे सगळं लिहितो. वहिनींना कुत्री आजही आवडत नाहीत. आवडायलाच हवीत असं नाही. पण परवा त्यांनीच विचारलं, "तो नवीन पांढरा आलाय, त्याला टोचलं का?"

हे आम्ही आमच्या मनाने केलं नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही असंच सांगितलं आहे. खाऊ घालायची जागा जिने, प्रवेशद्वार, मुलांच्या खेळाच्या जागा यांच्यापासून दूर ठरवावी, आणि तिथे स्वच्छता ठेवावी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नसबंदी आणि लस दिलेली कुत्री त्यांच्याच भागात परत सोडावीत. रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा हल्ला करणारी मात्र सोडू नयेत. आणि खाणं ठरलेल्या जागीच द्यावं, वाटेल तिथे रस्त्यावर नाही. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथून हलवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असाही आदेश झाला. आमच्यातल्या काही जणींना हा आदेश ऐकून वाईट वाटलं. पण एक गोष्ट उघड आहे. जिथे वही नाही, लस नाही, शेजाऱ्यांशी बोलणं नाही, तिथल्या कुत्र्यांची बाजू घ्यायला कुणाकडे काहीच नसतं.

रोजच्या थोड्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. गोड बिस्किटांपेक्षा भात आणि उकडलेलं अंडं बरं. चॉकलेट, कांदा, द्राक्षं देऊ नका. शिजवलेली हाडं आणि काटे घशात अडकतात. उन्हाळ्यात पाण्याचं उथळ भांडं ठेवा, पण पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात गोचिड्या आणि जखमा बघत चला. लहानशा जखमेतही अळ्या पडतात. रात्री चमकणारा पट्टा गळ्यात असला तर गाडीवाल्याला कुत्रा लांबून दिसतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी दुसरी, आणि त्यानंतर दरवर्षी. मुलांना शिकवा, जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. धुळवडीला कुत्र्यांवर रंग टाकू नका, ती अंग चाटतात आणि रंग पोटात जातो. दिवाळीत फटाक्यांना घाबरून ती सैरावैरा पळतात, तेव्हा जिन्याखाली एक कोपरा त्यांना मोकळा ठेवा.

तुमच्या गल्लीत आज एवढंच करा. किती कुत्री आहेत ते मोजा, किती कानांना खाच आहे ते बघा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग कुत्र्यांना घाबरणाऱ्या एका शेजारणीच्या घरी चहाला जा. नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे लस आणि ऑपरेशनसाठी अर्ज करायचा असेल, तर त्यावर तिचीही सही घ्या. आमच्या अर्जावर त्या वहिनींची सही आहे, आणि ती सगळ्यात वर आहे.