हे जडत्व येतं कुठून?



२०२२ साली आष्टी ते नगर रेल्वे धावू लागली. गाडी सुटताना मागे रेलायचं आणि ब्रेक लागला की पुढे झुकायचं, हे एस.टी.नं आपल्याला आधीच शिकवलं होतं. शाळेत त्याला जडत्व म्हणतात. पण वस्तूत हे जडत्व येतं कुठून?

न्यूटननं एक पाण्याची बादली घेतली. ती दोराला टांगा, दोराला भरपूर पीळ द्या आणि सोडा. आधी नुसती बादली गरगरते, पाणी सपाट राहतं. थोड्या वेळानं पाणीही तितक्याच वेगानं फिरू लागतं, कडेनं वर चढतं, मधे खोलगट होतं. आता बादलीच्या मानानं पाणी स्थिर आहे, तरी खोलगट! मग ते फिरतंय तरी कशाच्या संदर्भात? न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखला १८८३ साली हे पटलं नाही. जे दिसत नाही, मोजता येत नाही, त्याचा आधार का घ्यायचा? त्यानं बोट दाखवलं दूरच्या ताऱ्यांकडे: पाणी फिरतं ते त्यांच्या संदर्भात, आणि जडत्व येतं तेही त्यांच्यामुळेच. आइन्स्टाइनला हा विचार फार भावला, पण त्याच्या सिद्धांतात तो पुरता बसला नाही.

तो गणितात बसवायचं धाडस केलं कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी, गुरू फ्रेड हॉईल यांच्यासोबत. जून १९६४, लंडनची रॉयल सोसायटी. नारळीकरांचं वय २५. जडत्वाचं माप म्हणजे वस्तुमान; कणाचं हे वस्तुमान त्याचं एकट्याचं नसतं, विश्वातले बाकीचे सारे कण मिळून ते त्याला देतात, असा हा सिद्धांत. रिकाम्या विश्वात एकटा कण उरला, तर त्याला वस्तुमानच नाही! आपल्याला गाडीत बसणाऱ्या धक्क्यात दूरदूरच्या दीर्घिकांचा वाटा असावा, ही कल्पना मला आजही थरारून टाकते.

तरुण स्टीफन हॉकिंगनं आक्षेप घेतला: प्रसरण पावणाऱ्या विश्वात साऱ्या कणांच्या वाट्यांची बेरीज अनंत होते. नारळीकरांनी त्यावर पुढे बरंच काम केलं, पण बहुतेक शास्त्रज्ञांनी सिद्धांत स्वीकारला नाही. मात्र माखचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१२ साली हिग्ज कण सापडला, मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं ते कळलं; बादलीतलं पाणी कशाच्या संदर्भात फिरतं, याचं उत्तर त्यात नाही.

आष्टी तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. गतीचे नियम शिकवाल त्या दिवशी अंगणातल्या झाडाला एक बादली टांगा आणि न्यूटनचं उत्तर सांगण्याआधी मुलांना त्यांचं उत्तर विचारा.