दुकान कोणाचे?



पगार आणि बोनस यांवर बोलणारा माणूस संगीतावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. रागदारीतले मला कळत नाही. परंतु गाणे विकले जाते, आणि जेथे विक्री आहे तेथे मजुरीचा प्रश्न आहे. तेवढ्याच वाटेने मी या विषयात शिरतो.

स्पॉटिफाय ही कंपनी २००६ साली स्वीडनमध्ये निघाली आणि २०१९ साली आपल्या देशात आली. तिचा हिशेब कसा चालतो पाहा. आपण महिनाभर एकाच गायिकेची गाणी ऐकली, म्हणून आपली वर्गणी तिलाच मिळते असे नाही. सर्वांची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका राशीत पडते. ढोबळ मानाने एक तृतीयांश कंपनी ठेवते. उरलेले, ज्याची गाणी जितकी वाजली त्या प्रमाणात, हक्कदारांना वाटले जाते. गायिकेच्या हाती काय येईल ते तिच्या करारावर. शिवाय २०२४ पासून असा नियम आहे की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला या राशीतून काहीच नाही. कंपनी म्हणते, या रकमा इतक्या क्षुल्लक असतात की त्या कलाकारापर्यंत पोचतच नाहीत. असेल तसे. पण माल घेतला, तो गिऱ्हाइकाला दिला, आणि नग कमी भरले म्हणून मजुरी शून्य, हा कोणता न्याय?

तेव्हा स्वतंत्र कलाकारांनी दुसरे दुकान शोधले. बँडकँप हे ते दुकान, २००८ साली अमेरिकेत निघालेले. येथे श्रोता गाणे चक्क विकत घेतो. डिजिटल विक्रीवर दुकानदाराची अडत १५ टक्के. विक्री ठरावीक रकमेपुढे गेली की १० टक्के. २०२० च्या साथीत जलसे बंद पडले, तेव्हा महिन्यातल्या एका शुक्रवारी ही अडतही माफ होऊ लागली. हजारो कलाकारांनी आपला माल तेथे मांडला.

दुकान चांगले होते. पण कोणाचे? मार्च २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ खेळांच्या कंपनीने ते विकत घेतले. २०२३ च्या वसंतात तेथल्या कामगारांनी मतदान करून संघटना स्थापली. त्याच वर्षाच्या अखेरीस दुकान साँगट्रेडर या तिसऱ्याच कंपनीला विकले गेले आणि सुमारे निम्म्या कामगारांना नव्या मालकाने घेतले नाही. वाटाघाटी करणारे प्रतिनिधीही त्यांत होते. ज्यांच्या गाण्यांनी दुकान भरले, त्यांना कोणी विचारले नाही. मालक भला आहे हे सुदैव झाले. तो हक्क नव्हे.

मग हक्क मिळतो कसा? एक वाट संघटनेची. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघाने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रण बंद केले. १९४४ अखेर बड्या कंपन्याही नमल्या आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे वादकांच्या निधीत पैसे भरू लागल्या. याच वाटेने १५ मार्च २०२१ रोजी कलाकारांच्या नव्या संघटनेने अनेक शहरांत स्पॉटिफायच्या कचेऱ्यांपुढे निदर्शने केली. मागणी होती, एकदा गाणे वाजले की एक सेंट. तो सेंट अजून मिळालेला नाही.

दुसरी वाट सहकाराची. बँडकँपच्या विक्रीनंतर काही मंडळींनी सब्व्हर्ट ही सहकारी संस्था काढली. कलाकार, प्रकाशक, श्रोते आणि तेथील कामगार हेच तिचे सभासद. ही वाट सोपी नाही. ॲम्पल्ड ही अशीच एक संस्था बंद पडली. भांडवल तुटपुंजे आणि गिऱ्हाईक थोडे, या सहकाराच्या जुन्या अडचणी आपल्याला ठाऊक आहेत. परंतु अशी संस्था बुडाली तर सभासदांच्या डोळ्यांदेखत बुडते. सभासदांना न विचारता ती एका रात्रीत विकता येत नाही.

आपण श्रोते काय करू शकतो? आवडलेल्या कलाकाराकडून एखादे गाणे थेट विकत घ्यावे. आणि घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे दुकान कोणाचे?