चष्म्याविना त्रिमिती

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि त्यावरूनच मेंदूला खोली कळते. थ्रीडी सिनेमात ही दोन चित्रं वेगळी ठेवण्याचं काम चष्मा करतो. तेच काम पडद्यानं केलं तर?

बारीक भिंगांच्या जाळीतून हे साधेल, असं फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्येच सुचवलं होतं. पुढे २०११ मध्ये जपानच्या निन्टेन्डोनं ‘थ्रीडीएस’ हे हातात मावणारं खेळयंत्र आणलं. त्याच्या पडद्यावर आडव्या ओळीत ८०० चित्रबिंदू. उभ्या फटींच्या अडथळ्यामुळे त्यातले ४०० एका डोळ्याला दिसत, ४०० दुसऱ्याला. टेबलावर खास कार्ड ठेवून कॅमेरा रोखला, की त्याच टेबलावर आभासी पात्रं उभी राहत, तीही खोलीसकट!

अडचण एकच: मान जरा कलली, की चित्र विस्कटे. म्हणून २०१४ च्या नव्या आवृत्तीत कॅमेरा चेहऱ्याचा माग घेऊ लागला. तंत्रज्ञानाची खरी दिशा हीच आहे. माणसानं यंत्रासाठी अवघडून बसू नये. यंत्रानंच माणसाशी जुळवून घ्यावं.