दूध आपलं, सही कुणाची?

आज आपण आपल्या गावच्या दूध संस्थेबद्दल बोलू या.

पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची आणि संध्याकाळी पुन्हा तेच. बहुतेक घरांत हे सगळं बाईच करते. म्हैस चारा खाईना झाली, तर पहिल्यांदा तिलाच कळतं. पण संस्थेच्या भिंतीवरचा संचालकांचा फलक वाचून बघा. त्यावर बायकांची नावं किती? चेअरमन म्हणून किती?

लोक म्हणतात, बायकांना कारभारातलं काय कळतंय? पण खरा अडसर कळण्याचा नाही. तो कागदाचा, वेळेचा आणि सवयीचा आहे.

आधी कागदाचं बघू. संचालक व्हायला आधी सभासद असावं लागतं. धार आपण काढतो, किटली आपण पोचवतो, पण खातं असतं मालकांच्या नावावर. मग मतदार यादीत आपण नाही आणि निवडणुकीचा अर्जही भरता येत नाही. गोठ्यात वीस वर्षं राबलेल्या बाईची संस्थेच्या दप्तरात एका ओळीची नोंद नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. सभा ठेवतात नेमकी धारेच्या वेळी, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. बाई येत नाही, आणि मग म्हणायचं, बायकांना आवडच नाही.

तिसरी सवयीची. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या भरल्याही जातात, पण कित्येकदा प्रोसिडिंग बुक घरी येतं आणि बाई चुलीपुढं बसून सही करते. शिवाय दोन जागा म्हणजे दोनच बायका, असा समज झालाय. तसं नाही. सर्वसाधारण जागेवरही बाई उभी राहू शकते, चेअरमनही होऊ शकते.

यानं काय बिघडतं? दर फरक किती वाटायचा, पशुखाद्य कुठलं आणायचं, जनावरांचा डॉक्टर गावात कधी येणार, फॅटचं मशीन बरोबर चालतंय का, हे सगळं त्या खोलीत ठरतं. जिचा हात रोज म्हशीला लागतो, तीच तिथं नसली तर हे प्रश्न विचारणार कोण?

साताऱ्यातल्या म्हसवडचं उदाहरण घ्या. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला, कारण अनेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या. पुन्हा अधिकाऱ्यांपुढं गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशोब घाला, तोंडी करून दाखवतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशोब त्यांना आधीपासूनच येत होता. दार बंद होतं ते कागदामुळं.

मग आपण काय करायचं? गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, आपल्या घरचं दूध कुणाच्या नावावर जातं. आपल्या नावावर खातं आणि सभासदत्व मिळायला काय लागतं, हे दोघी-तिघींनी मिळून सचिवांना विचारायचं. सभा दुपारी घ्या, असा लेखी अर्ज गटाच्या सहीशिक्क्यानं द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. त्याआधी सभासद असलेल्या बाईनं अहवाल मागून घ्यावा. तो गटात मोठ्यानं वाचा. जमा-खर्च बघा आणि विचारायचे प्रश्न लिहून काढा. सभेला एकटीनं जाऊ नका, सभासद असतील तेवढ्या सगळ्या मिळून जा. आणि ज्या आज संचालक आहेत त्यांना एकच सांगणं: वाचल्याशिवाय सही नाही, आणि सही घरात नाही, सभेतच.

घरात यावरून कुरबूर होईल. भांडू नका, पण गप्पही बसू नका. दोघांचं नाव दप्तरात असलं तर उद्या काही बरंवाईट झाल्यावर घराचाच आधार टिकतो, हे पटवून सांगा.

आपल्या गटातही बघा. वर्षानुवर्षं एकच ताई अध्यक्ष असेल, तर बाकीच्या शिकणार कधी? अध्यक्षपद फिरू द्या. बँकेत जायला दर वेळी नवी जोडी पाठवा. गटात बोलायची सवय झालेली बाई संस्थेच्या सभेतही उभी राहते.

तुमच्या संस्थेच्या फलकावर बायकांची नावं किती, ते मोजा आणि आपल्या केंद्रावर कळवा.