चागास रोग आणि बरे झाल्याचा दाखला



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांचे कागद वाचता वाचता झाले. मग दक्षिण अमेरिकेतल्या रोगावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय? एवढाच, की त्याची गोष्ट रेल्वे मजुरांत सुरू होते आणि नोकरीच्या दारात येऊन अडते.

ब्राझीलमध्ये लोहमार्ग घालणाऱ्या मजुरांना हिवतापाने गाठले, म्हणून कार्लोस चागास हा तरुण डॉक्टर लासान्स गावी गेला. तिथे कुडाच्या भिंतींच्या भेगांत राहणारा एक किडा त्याला कोणी दाखवला. निजलेल्या माणसाच्या तोंडाला चावतो, म्हणून लोक त्याला ‘न्हावी’ म्हणत! त्या किड्याच्या आतड्यातला जंतू चागासने १९०९ साली एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात पाहिला. जंतू किड्याच्या विष्ठेत असतो. माणूस खाजवतो आणि जखमेतून तो आत शिरतो.

पहिले दोनेक महिने निदान सोपे. थेंबभर रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले की जंतू वळवळताना दिसतो. पुढे तो हृदयाच्या आणि आतड्यांच्या स्नायूंत दडून बसतो. माणूस वर्षानुवर्षे धडधाकट राहतो. पुष्कळांना जन्मभर काही होत नाही. परंतु शंभरांतल्या वीस-तीस जणांचे हृदय पुढे खचते. दडलेला जंतू शोधण्याची जुनी रीत मोठी विलक्षण होती. प्रयोगशाळेत वाढवलेले जंतुरहित किडे रोग्याला चावू द्यायचे आणि काही आठवड्यांनी त्या किड्यांची विष्ठा तपासायची. आज भिस्त आहे ती प्रतिपिंडांवर, म्हणजे जंतूशी लढण्यासाठी शरीराने रक्तात निर्माण केलेल्या द्रव्यांवर. एका चाचणीवर निकाल देत नाहीत. निराळ्या पद्धतीच्या दोन चाचण्या जुळाव्या लागतात, न जुळल्यास तिसरी.

औषधे दोन, बेन्झनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स. साधारण दोन महिने घ्यायची. तान्ह्या मुलाला पहिल्या वर्षात दिली तर बहुतेक खात्रीने गुण येतो. खरी अडचण मोठ्या माणसाची. जंतू गेला तरी प्रतिपिंडे दहा-वीस वर्षे रक्तात रेंगाळतात. जंतूचा अंश हुडकणारी पीसीआर चाचणी आहे. तिच्यात जंतू सापडला तर औषध हरले, हे नक्की. सापडला नाही तर? त्या नळीभर रक्तात तो नव्हता, इतकेच! शिवाय २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात औषधाने रक्तातले जंतू घटले. पण ज्यांचे हृदय आधीच बिघडले होते, त्यांचा बिघाड काही थांबला नाही.

आता नोकरीच्या दारातल्या कारकुनाला हे कोण समजावणार? आमच्याकडे एका कारखान्याच्या दारातून क्षय बरा झालेला एक तरुण, छातीच्या फोटोतल्या डागावर बोट ठेवून परत पाठवला गेला. तो डाग भरलेल्या जखमेचा होता. भांडून त्याला कामावर घेतले, पण तीन महिने गेले. अर्जेंटिनात २००७ च्या कायद्याने नोकरीच्या उमेदवाराची चागासची चाचणी घेण्यास बंदीच केली. काम झेपेल की नाही हे हृदयाचा आलेख पाहून ठरवावे. प्रतिपिंडांना त्यातले काय कळते?

औषध घेतलेल्याने मात्र रक्ताचे सगळे जुने कागद जपून ठेवावेत. प्रतिपिंडे उतरत आहेत की नाहीत, हे त्याच पद्धतीच्या मागल्या चाचणीशी ताडूनच डॉक्टरला कळते.