मिनिटाला साडेबारा क्विंटल
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या गटाच्या ज्वारीच्या पिठासाठी एका मिनिटाची कार्टूनची जाहिरात करून घ्यायची, असे मागच्या बैठकीत ठरले. शहरातल्या एका जाहिरातवाल्याने दर सांगितला. मिनिटाला चाळीस हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४७,२०० रुपये. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ साठी जाहीर झालेला हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल. तो खरोखर पदरात पडला असे धरले, तरी साडेबारा क्विंटल ज्वारी झाली. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा. तीन एकरांहून जास्त पीक एका मिनिटात संपले.

हा आकडा ऐकून काही जण म्हणतात, जाहिरातच नको. आम्हाला ते पटत नाही. माल आपण पिकवायचा आणि विकण्याची अक्कल दुसऱ्याने चालवायची, यातच आजवर आपली माती झाली. पण डोळे मिटून पैसे मोजायचे, हेही नाही. कापसाच्या एका एकरात नांगरट किती, बियाणे किती, वेचणी किती, हे आपण बोटावर मोजून सांगतो. तसाच या कार्टूनचा उत्पादन खर्च फोडून पाहू.

पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. एकच चित्र दोनदा दाखवले तरी डोळ्याला हालचाल कळते, म्हणून १२ चित्रांवर भागते. मिनिटाला ७२० चित्रे झाली. आता हाताने काढण्याचे बरेच काम संगणक करतो, पण कोणता हात कधी उचलायचा, मान किती वळवायची, हे बसवणारा माणूस लागतोच. वेचणीची मजुरी किलोवर चढते, तशी इथली मजुरी हालचालीवर चढते. जितके हलेल तितके बिल. म्हणून पहिली काटकसर लांबी कमी करण्यात. पीठ कुठल्या ज्वारीचे, कधी दळलेले, कुठे मिळेल. एवढे सांगायला चाळीस सेकंद पुरे झाले. गटाचा इतिहास, अध्यक्षांचा फोटो, सत्कार, हे सगळे त्यात घालायचा आग्रह होतो. शहरातल्या बाईला भाकरी करायची आहे, अध्यक्ष पाहायचे नाहीत.

दुसरी काटकसर हालचालीत. अमेरिकेत टॉम अँड जेरी काढणारे हॅना आणि बार्बेरा, यांचा स्टुडिओतला कार्टून विभाग १९५७ मध्ये बंद पडला. ते टीव्हीकडे वळले, तिथे पैसा फार थोडा. मग त्यांनी युक्ती काढली. योगी नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय घातला. कॉलरमुळे मानेचा सांधा झाकला गेला. धड तेच ठेवायचे, नुसते डोके हलवायचे. चित्रे कितीतरी वाचली आणि पोरे तरी खूष. आपल्या शेतकऱ्याच्या गळ्यात उपरणे आहेच! त्याला पडद्यावर चालवू नका, चालणे बसवायला फार काम पडते. त्याला बांधावर बसवा. बोलणारा पडद्यामागून बोलू द्या, म्हणजे ओठ हलवायचीही गरज नाही. चुलीवर टम्म फुगणारी भाकरी तेवढी नीट हलली पाहिजे. पैसा तिथे घाला.

आणि काही हालचाल तर फुकट मिळते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे बी कुंडीत लावले आणि महिनाभर रोज त्याचे एकेक चित्र कॅमेऱ्याने टिपले. पडद्यावर बी उगवून वाढताना दिसले. ते दाखवून त्यांनी भांडवल उभे केले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे आपल्याकडे सिनेमाला भांडवल मिळाले ते पीक उगवताना दाखवून. ज्वारीच्या कोंबासमोर मोबाइल पक्का बांधून ठेवला आणि अर्ध्या तासाला एक फोटो घेतला, तर दिवसाचे ४८, पाच दिवसांचे २४०. झाले दहा सेकंदांचे चित्र. चाळीसपैकी दहा सेकंद आपल्याच शेतात निघाले. रात्री उजेडाचा दिवा मात्र एका जागी कायम लावा, नाहीतर चित्र लुकलुकते.

सगळ्यात जास्त पैसा कुठे जातो? सांगून ठेवतो, बदलात. चित्र तयार झाले की गटातला एक म्हणतो पागोटे लाल करा, दुसरा म्हणतो भाव वाढला तो आकडा बदला, तिसरा म्हणतो बैल हवा होता. बियाणे बदलायचे ते पेरणीआधी. उगवल्यावर बदलायचे तर मोडून दुबार पेरणी. इथेही तेच. म्हणून आधी मजकूर ठरवा. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मग आवाज भरा. मग कागदावर दहा-बारा साधी चित्रे काढा, मोबाइलवर त्या आवाजाला जोडा आणि पिठाच्या चार गिऱ्हाइकांना दाखवा. त्यांना कळले नाही तर खोडरबराने दुरुस्ती होते. कळले, की गटाच्या सह्या घ्या आणि त्यानंतरच हालचालीचे काम द्या. भावाचा आकडा चित्रात घालूच नका, तो दरवर्षी बदलतो.

दरपत्रकात ‘सॉफ्टवेअर’ म्हणून वेगळी रक्कम लावली असेल तर विचारा कशाची. ब्लेंडर नावाची प्रणाली फुकट मिळते. लॅटव्हियातल्या मंडळींनी तिच्यावर ‘फ्लो’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मजुरी मागा म्हणावे, ती आपण देऊ. कारागिराचे पोट मारून स्वस्ताई करायची नाही. ती रीत आपल्यावर चालवली जाते, आपण दुसऱ्यावर चालवू नये. सांगताच चित्र काढून देणारी नवी यंत्रेही आली आहेत. मागची चित्रे त्यांच्याकडून काढायला हरकत नाही, पण ज्वारी मागितली आणि मका आला, हे ओळखायला आपलाच माणूस शेजारी पाहिजे.

एकदा केलेले चित्र अनेकदा वापरता येते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला एक उपक्रम शेतकऱ्यांसाठी अशी कार्टून करतो. चित्र एकच, त्यावर वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे आवाज चढवतात. शंभराहून अधिक भाषा झाल्या. आपणही वऱ्हाडीत एक, मराठवाडी बोलीत एक, पुण्या-मुंबईसाठी एक करू. खर्च फक्त आवाजाचा. त्यासाठी चित्रात अक्षरे कमीत कमी ठेवायची आणि करारात एक अट लेखी घालायची: तयार व्हिडिओबरोबर मूळ फाइली, चित्रांचे सुटे भाग, आवाज वेगळा, सगळे गटाच्या ताब्यात. नाहीतर पुढच्या वर्षी तूरडाळीची जाहिरात करताना तोच शेतकरी, तोच बांध आपल्याला नव्याने विकत घ्यावा लागेल. सिनेमातले गाणे घ्यायचे नाही, त्याचा मालक दावा लावू शकतो. जात्यावरच्या ओव्या आपल्या बायका म्हणतात, त्या त्यांच्याच आवाजात घेऊ आणि त्यांना त्याचे पैसे देऊ.

आवाज रात्री भरू. मोटारी बंद, पंखा बंद. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगायच्या म्हणजे आवाज घुमत नाही. मजकूर वाचायला कोण येते, त्यांनी बैठक संपल्यावर नावे द्यावीत. वाचणाऱ्यांत निम्म्या बाया हव्यात.